शंभर टक्के अंगठे

१

आपण यशोदाबाई नाही, ही बातमी यशोदाबाईला जुलै २००७ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, सरकारी टपालाने कळली.

तिला वाचता येत नव्हतं. तिने नोटीस पदराच्या गाठीत बांधली, खडकदरा या वाडीपासून तालुक्यापर्यंतचे सात किलोमीटर तुडवले आणि तहसील कचेरीत जिथे कुणी फिरकत नाही त्या खोलीत, म्हणजे अभिलेख कक्षात, जाऊन उभी राहिली. हिंगोली जिल्ह्यातला हा तालुका कोणता ते विचारू नका. उगाच चार तालुके माझ्यावर रुसतील आणि एक जण खूश होईल.

अभिलेख कक्षात कालिंदीबाई बसत. अव्वल कारकून, बत्तीस वर्षं नोकरी, निवृत्तीला पाच महिने उरलेले. साहेबांची चूक साहेबांनाच, तीही लेखी, दाखवायची त्यांना खोड होती. म्हणून त्यांना जुन्या कागदांत नेऊन ठेवलं होतं. जुने कागद बोलत नाहीत, असा कचेरीचा समज होता.

त्यांनी नोटीस मोठ्याने वाचली. "प्रति, यशोदाबाई म्हणवणारी महिला, राहणार खडकदरा. आपण दिनांक ४ जुलै रोजी अंगठा पडताळणी यंत्रासमोर स्वतःस यशोदाबाई असे भासवून, श्रीमती यशोदाबाई यांचे अंत्योदय योजनेचे पस्तीस किलो धान्य उचलण्याचा प्रयत्न केला. यंत्राने आपली तोतयेगिरी उघडकीस आणली आहे. सबब ३० जुलै रोजी सुनावणीस हजर राहावे. समाधानकारक खुलासा न झाल्यास कार्ड कायमचे रद्द करून प्रकरण पोलिसांकडे सोपवण्यात येईल."

यशोदाबाईने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी खरी यशोदाबाई दुसरीच हाय का कोनी?"

"यंत्राचं म्हणणं तसं आहे."

"तिला तरी धान्य भेटून राहिलं का?"

कालिंदीबाईंनी सोबत जोडलेला उतारा पाहिला. "भेटतंय. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, दर महिन्याच्या एक तारखेला अंगठा लागलाय."

"बरं झालं बाई. कोन्या तरी यशोदेचं पोट भरून राहिलं." ती खाली टेकली. "मह्या घरी मी अन् नात, राधिका. सात वर्साची हाय. बाकीची मान्सं मातीत गेली. शाळंत खिचडी देतेत ना दुपारी, ती अर्धी खाती अन् अर्धी डब्याच्या झाकनात घिऊन येती. म्हन्ती, आज्जे, मला भूकच न्हाई."

कालिंदीबाईंनी चष्मा काढला आणि पुसला. तो स्वच्छच होता. त्यांना राग आला की त्या चष्मा पुसत, आणि त्या दिवशी बराच वेळ पुसला.

त्यांनी खुलाशाचा अर्ज लिहिला आणि हाक मारली. सटवाजी शिपाई शाईची गादी घेऊन आला. यशोदाबाईने डावा हात पुढे केला, तसा तो खेकसला, "उजवा, मावशे! बाईमान्साचा उजवा, बाप्याचा डावा. येवढं ठावं न्हाई व्हय?"

उजवा अंगठा कागदावर उमटला आणि कालिंदीबाई खुर्चीतून पुढे झुकल्या. कागदावर नुसता काळा ठिपका होता. एक रेष नाही. लहानपणापासून चातीवर लोकरीचं सूत पिळून पिळून या बाईचा अंगठा दगडी गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता.

त्यांनी उतारा पुन्हा पाहिला. जानेवारीतल्या नोंदणीपुढे यंत्राने शेरा दिला होता : ठशाची प्रत – उत्तम.

२

यंत्राची खोली कचेरीतली एकमेव थंड खोली होती. "अन्नधान्य वितरण व्यवस्थेचे प्रशासकीय व तांत्रिक सक्षमीकरण" या नावाचं अनुदान आलं होतं. त्यातून एक संगणक, एक अंगठा यंत्र, एक वातानुकूलक, दोन पडदे आणि एक गोल फिरणारी खुर्ची घेतली होती. यंत्राला उकाडा सोसत नाही म्हणून ते गावोगाव जात नसे. गावंच त्याच्याकडे येत, अंगठा लावून पावती घेत, आणि पावती दाखवून आपल्या दुकानातून धान्य उचलत.

फिरत्या खुर्चीत मुकुल फिरत होता. नागपूरच्या एका कंपनीचा ऑपरेटर.

"मॅडम, मी तर फक्त ऑपरेटर आहे ना जी. जितकी कार्डं, तितकी मजुरी."

"खडकदऱ्याची एकतीस कार्डं तू नोंदवलीस?"

त्याने बटणं दाबली. "तेवीस जानेवारी. दुपारी एक ते तीन. मी तर जेवायला जातो ना या टायमाला."

"मग खोली?"

"उघडीच असते."

"आणि पासवर्ड?"

मुकुलने पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. "विसरतो ना जी."

"लोकांचे अंगठे तू कसे घेतोस? कोणता लावायला सांगतोस?"

"कोणता म्हणजे? जो वर येईल तो. कोई भी लगाव. यंत्राला काय फरक पडतो?"

"एकच अंगठा दोन नावांवर लागला तर यंत्र ओरडत नाही?"

"ते अनुदानाच्या दुसऱ्या टप्प्यात आहे जी. दुबार शोधणे दुसऱ्या टप्प्यात. चुकीची नोंद पुसणे, तेही दुसऱ्या टप्प्यात. सध्या फक्त चूक करता येते."

तो हे विनोद म्हणून बोलला नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात कालिंदीबाईंना एक हिरवं बटण दिसलं. त्यावर लिहिलं होतं, ओळखा.

"हे काय करतं?"

"नाव न टाकता नुसता अंगठा लावला, का ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव दाखवते. दोन नावांवर असला तर जे आधी सापडेल ते. कोणी वापरत नाही." त्याने स्वतःचा अंगठा ठेवला. पडद्यावर अक्षरं आली : नोंद नाही. "बघा. मी या तालुक्यात अस्तित्वातच नाही. बरं वाटते."

दारात उभा असलेला सटवाजी हळूच म्हणाला, "मला तर ते वाचीतच न्हाई, बाई. सकाळी शेतात तण उपटून येतो, हात असे भेगाळलेले. इथं हजेरीसाठी अंगठा लावून पाह्यला चार येळा. यंत्राच्या हिशोबानं मी नोकरीलाच लागलो न्हाई."

कालिंदीबाई निघाल्या, तोच पाठीमागून प्रसन्न आवाज आला.

"काय कालिंदीबाई, जुने कागद संपले वाटतं?"

३

नायब तहसीलदार रामकिशन साहेबांकडे पुरवठ्याचं काम होतं. चोविसाव्या वर्षी तलाठी म्हणून लागलेला आणि नियमाचं बोट धरून इथवर आलेला माणूस. कुणी त्यांना चहाला बोलावलं तरी ते कोणत्या नियमाखाली, ते विचारत. त्यांच्या मागच्या भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र होतं : शंभर टक्के अंगठा नोंदणी करणारा पहिला तालुका.

त्यांनी यशोदाबाईचा अर्ज दोन बोटांत धरला. हात गोरे, मऊ, नखं कापलेली.

"समास कमी सोडलाय. ठसा उजव्याचाच ना?"

"उजव्याचाच."

"बरं. नाहीतर दाखल करून घेता आला नसता." त्यांनी अर्ज खाली ठेवला. "पण ठसाच नाही हो यात! बोलूनचालून तोतया. खऱ्या यशोदाबाईचा ठसा उत्तम प्रतीचा आहे."

"साहेब, तेवीस जानेवारीला खडकदरा रिकामा होता. सगळे हटकर लोक दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली जातात, ते जूनला परततात. तेव्हा ही बाई हट्ट्याच्या शिवारात होती. शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवत होती."

"नोंदणीपुरती आली असेल."

"एकतीसच्या एकतीस घरं? एका दुपारी? सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून? मेंढरं कुणाच्या भरवशावर टाकून?"

"ऊसतोडीचे लोक नाही का आले?"

"त्यांना मुकादमांनी ट्रकात घालून आणलं. मेंढरांना मुकादम नसतो, साहेब."

रामकिशन साहेब हसले. त्यांना राग येत नसे. रागाला नियमात तरतूद नाही. "सोमवारी सुनावणी आहे. त्याच दिवशी जिल्ह्याहून उपजिल्हाधिकारी रागिणी मॅडम दुसऱ्या टप्प्याची पाहणी करायला येतायत. पहिले पाच महिने शंभर टक्के उचल, एकही तक्रार नाही, अशी अट आहे. यशोदाबाईंची तक्रार धरली तर एक होते. म्हणून ती तक्रार नाही. ती तोतयेगिरी आहे. लक्षात आलं?"

लक्षात आलं होतं. म्हणूनच कालिंदीबाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि जीपमध्ये बसून उत्तमसिंगच्या दुकानाकडे निघाल्या. एकतीस कार्डांची पाच महिन्यांची धान्याची पोती कुणाच्या तरी दारावरून गेली असणार, आणि पोती अंगठ्याइतकी लहान नसतात.

४

उत्तमसिंग खडकदऱ्यासह चार वाड्यांचा स्वस्त धान्य दुकानदार. गल्ला आणि तराजू यांच्यामध्ये तो असा बसे की दोन्हीकडे हात पोचावा.

"या बाई, बसा. काय तकलीफ घेतली?"

"खडकदऱ्याचं धान्य कोण नेतं?"

"ज्याची पावती त्याचं धान्य. बराबर हिशोब हाय आपला."

"पावत्या कोण आणतं?"

"कचेरीतून येतेत. लिफाफ्यात. सटवाजी आणून देतो."

"एकतीस माणसांच्या पावत्या एका लिफाफ्यात?"

"बाई, सरकारी लिफाफा फोडून मी सरकारला सवाल करू का? पावती आली म्हंजी धान्य गेलं. मह्या वहीत गेलं."

"आणि दुकानातून?"

उत्तमसिंगने रस्त्याकडे पाहिलं. रस्ता वसमतच्या बाजाराकडे जात होता. "पाय फुटतेत बाई धान्याला," तो म्हणाला. "एकदा कागदावर गेलं की मग इथं ठिवनं बेकायदा हाय."

कालिंदीबाईंनी त्याची जुनी वही मागितली, यंत्र येण्याआधीची. पानापानांवर अंगठे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक ठसा पाहिला. बाप्यांचे, बायांचे, सगळे डावे.

"बायांचाही डावा घेतोस?"

"वही डाव्या अंगाला असती ना. जो हात जवळ तो धरतो. काहून? गुन्हा हाय का?"

"नाही," कालिंदीबाई म्हणाल्या. "उलट आज तुझा थोडा फायदाच झाला."

उत्तमसिंगला हे कळलं नाही, पण फायदा हा शब्द ऐकून त्याने चहा मागवला. त्यांनी तो घेतला नाही.

परतताना त्या वाकडी वाट करून खडकदऱ्याला गेल्या. शाळा नुकतीच सुटली होती. एक पोरगी दोन्ही हातांनी डब्याचं झाकण धरून, खाली बघत, पायाखालचा दगड चुकवत चालली होती. झाकणात पिवळी खिचडी होती. एक कण सांडू नये म्हणून ती जीभ दाताखाली धरून चालत होती.

कालिंदीबाईंनी हाक मारली नाही. त्या तशाच मागे फिरल्या. जीपमध्ये त्यांनी चष्मा पुसायला घेतला आणि काच फ्रेममधून निघून हातात आली.

५

संगणकीकरण झाल्यामुळे प्रत्येक फॉर्म आता कागदावर तीन प्रतींत भरावा लागत होता. यंत्रावर लावलेला अंगठा शाईनेही उमटवायचा. अस्पष्ट ठशाचा फॉर्म बाद. हे सगळे कागद बांधून शेवटी येतात कुठे? अभिलेख कक्षात.

शनिवारी सकाळी कालिंदीबाईंनी खडकदऱ्याचा गठ्ठा सोडला. एक काच दोऱ्याने बांधलेला चष्मा आणि हातात भिंग. बत्तीस वर्षांत त्यांनी फेरफाराच्या, वाटणीच्या, हक्कसोडीच्या कागदांवर हजारो अंगठे पाहिले होते. डाव्या अंगठ्याच्या रेषा एका अंगाला झुकतात, उजव्याच्या दुसऱ्या अंगाला, हे त्यांना पोथी वाचावी तसं वाचता येई.

सगळे ठसे सुरेख होते. कातीव, भरदार. खडकदऱ्यात असा एक अंगठा सापडला असता तर वाडीने त्याची जत्रा भरवली असती.

दुपारपर्यंत त्यांनी टेबलावर दोन ढीग केले.

सटवाजी चहा घेऊन आला. "काय निघालं, बाई?"

"एकतीस फॉर्मांवर दोनच अंगठे आहेत. या एकोणिसांवर एक. या बारांवर दुसरा."

"आरं तिच्या! म्हंजी दोन चोर."

"मलाही तसंच वाटलं." त्यांनी छोट्या ढिगातली नावं वाचायला सुरुवात केली. "सखूबाई. गंगूबाई. नीलाबाई. यशोदाबाई..."

सातव्या नावाला सटवाजीने चहा खाली ठेवला. बारावं नाव संपलं तेव्हा तो कालिंदीबाईंकडे बघत होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"बाराच्या बारा बाया," तो म्हणाला. "बाई, म्या न्हाई हां. लेकराची आन."

"तू नाहीस ते मला ठाऊक आहे. जा, खडकदऱ्याला निरोप दे. सोमवारी सगळ्यांनी यायचं. रिकामी पोती घेऊन."

६

सोमवारी कचेरीला तोरण बांधलं होतं आणि साहेबांचं प्रमाणपत्र यंत्राच्या खोलीत आणून टांगलं होतं. थंड खोलीत रागिणी मॅडम मधल्या खुर्चीत, शेजारी रामकिशन साहेब, संगणकाशी मुकुल. उत्तमसिंगला आदर्श दुकानदार म्हणून बोलावलं होतं. त्याने फेटा बांधला होता. दाराबाहेर व्हरांड्यात खडकदरा बसला होता, मांडीवर घडी घातलेली पोती घेऊन.

रामकिशन साहेबांनी प्रकरण वाचलं. "यंत्राने सिद्ध केलं आहे की ही महिला यशोदाबाई नाही."

"मान्य," कालिंदीबाई म्हणाल्या.

यशोदाबाईने चमकून वर पाहिलं.

"ही यशोदाबाई नाही, हे यंत्राने सांगितलं. मग यशोदाबाई कोण, हेही यंत्रालाच विचारू. मॅडम, ते हिरवं बटण त्यासाठीच आहे. अनुदानातलंच आहे, पहिल्या टप्प्यातलं."

रागिणी मॅडमना पहिल्या टप्प्यातलं काहीतरी चालतं हे ऐकून आश्चर्य वाटलं असावं. त्यांनी मान हलवली.

कालिंदीबाईंनी दोन ढीग मॅडमपुढे ठेवले आणि सांगू लागल्या. आवाज चढला नाही, पण खोलीतला वातानुकूलक त्या दिवशी उगाचच चालू होता.

"एकतीस फॉर्म, दोन अंगठे. पुरुषांच्या एकोणीस नावांवर एक डावा. बायांच्या बारा नावांवर एक उजवा. दोन चोर असते तर त्यांनी बाप्ये आणि बाया अशी वाटणी का केली असती? चोर एकच आहे. त्याने पुरुषांसाठी डावा हात वापरला आणि बाईचं नाव आलं की उजवा काढला. खोटा अंगठा मारतानासुद्धा ज्याने नियम मोडला नाही, असा माणूस शोधायचा."

"इंटरेस्टिंग," मॅडम म्हणाल्या.

"मुकुल नाही. त्याला हा नियम माहीत नाही. तो म्हणतो, कोई भी लगाव. उत्तमसिंग नाही; त्याच्या वहीत बायांचेही डावेच आहेत. त्याचं पाप वेगळं आहे, ते वसमतच्या रस्त्याने गेलं. राहिले तिघं, महसुलात हाडं झिजवलेले. सटवाजी, मी आणि साहेब. सटवाजी!"

सटवाजीने अंगठा ठेवला. पडदा म्हणाला : ठसा वाचता येत नाही. त्याने दुसरा ठेवला. तेच.

"शेतात राबणारा हात आहे. त्याने एकतीस उत्तम ठसे दिले असं म्हणणं म्हणजे त्याच्या मेहनतीचा अपमान. आता मी." कालिंदीबाईंनी आधी उजवा, मग डावा ठेवला. नोंद नाही. नोंद नाही. "साहेब, आपण."

"मी लाभार्थी नाही," रामकिशन साहेब म्हणाले. "मला अंगठा लावायला सांगणं कोणत्या नियमात..."

"पाहणी आहे," रागिणी मॅडम म्हणाल्या. "मी सांगतेय."

साहेबांनी हात पुढे केला आणि काचेवर तर्जनी ठेवली. यंत्र तीनदा किरकिरलं. पडद्यावर आलं : कृपया अंगठा लावा.

मग त्यांनी डावा अंगठा ठेवला. यंत्राने क्षणभर विचार केला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं :

खेमा. पुरुष. वय ७२. व्यवसाय मेंढपाळ. राहणार खडकदरा.

मुकुलने ते वाचलं. व्हरांड्यातून घोंगडी सावरत एक म्हातारा दारात आला. "कोन म्हनलं खेमा? मी हितं हाय ना!" त्याने साहेबांकडे निरखून पाहिलं. "हेन्ला एक तरी मेंढरू वळता येतं का इचारा."

"आता उजवा," कालिंदीबाई म्हणाल्या.

"मॅडम, मी खुलासा..."

"उजवा," मॅडम म्हणाल्या.

यशोदाबाई. स्त्री. विधवा. वय ६४. कार्ड अंत्योदय. ठशाची प्रत – उत्तम.

खोलीत कुणी हसलं नाही. रामकिशन साहेबांनी अंगठा मुठीत लपवला आणि एकदम भडभडा बोलू लागले. "मॅडम, मी एक दाणा घेतलेला नाही! शपथेवर सांगतो. मुदत एकतीस जानेवारीची. एकतीस कार्डं राहत होती. नव्व्याण्णव पूर्णांक सत्त्याऐंशीवर आकडा अडला. नव्व्याण्णव पूर्णांक सत्त्याऐंशीला दुसरा टप्पा मिळत नाही! मग उचलही शंभर टक्के दाखवावी लागते, म्हणून दर महिन्याला... मी फक्त आकडा पूर्ण केला. धान्याला हात लावला नाही."

कालिंदीबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"लावला असता तर बरं झालं असतं, रामकिशन," त्या म्हणाल्या. बत्तीस वर्षांत त्यांनी एखाद्या साहेबाला नावाने पहिल्यांदाच हाक मारली. "भुकेपोटी चोरी केली असतीस, लोभापोटी केली असतीस, तर मला समजलं असतं. पोत्यात तोंड घालणारा उंदीर समजतो मला. तू पूर्णांकापोटी एकतीस चुली विझवल्यास. आणि जिची विझवलीस तिलाच चोर ठरवून नोटीस काढलीस, समास सोडून! सात वर्षांची पोर झाकणात खिचडी नेते आज्जीसाठी. तिला सांग. सांग तिला, की तुझी भूक पॉइंट तेरा टक्के आहे."

भिंतीवरचं प्रमाणपत्र तसंच सरळ होतं. ते काढावं की नाही, याबद्दल मुकुलने दोनदा सटवाजीकडे पाहिलं. सटवाजीने ते खिळ्यासकट उपटलं.

७

न्याय झाला, पण तो शासकीय न्याय होता, म्हणजे टप्प्याटप्प्याने.

यशोदाबाईवरची नोटीस रद्द झाली. रामकिशन साहेब निलंबित झाले. उत्तमसिंगचं दुकान पंधरा दिवसांसाठी बंद करून नंतर चौकशीअंती त्याच्या मेहुण्याला चालवायला देण्यात आलं. एवढं झाल्यावर रागिणी मॅडम म्हणाल्या, "आता या लोकांचे खरे अंगठे नोंदवा आणि एक तारखेला धान्य द्या."

मुकुलने डोकं खाजवलं. "मॅडम, चुकीची नोंद पुसणे दुसऱ्या टप्प्यात आहे जी. आणि दुसरा टप्पा तर आता रद्द झाला ना. शिवाय यांचे अंगठे यंत्र वाचत नाही. पावती तर त्याच अंगठ्यावर निघेल, जो आत आहे."

"पावतीशिवाय धान्य द्या."

"गोदाम देत नाही," सटवाजी म्हणाला.

मॅडमनी कालिंदीबाईंकडे पाहिलं. कालिंदीबाईंनी कागद ओढला, भरपूर समास सोडला आणि आदेशाचा मसुदा लिहिला. तो वाचताना मॅडमच्या ओठाचा कोपरा हलला, पण त्यांनी सही केली.

त्यामुळे एक ऑगस्टला निलंबित नायब तहसीलदार रामकिशन यांना सकाळी दहा वाजता यंत्रासमोर हजर राहावं लागलं. आदेशात स्पष्ट होतं : पुढील व्यवस्था होईपर्यंत संबंधिताने दर महिन्याच्या एक तारखेस उपस्थित राहून, मूळ कार्डधारकाच्या समक्ष, त्याच्या वतीने अंगठा लावावा. फिरती खुर्ची नाही. स्टूल.

खडकदऱ्याची रांग व्हरांड्याबाहेर गेली होती. एकेक जण येई, स्टुलाशेजारी उभा राही आणि साहेबांच्या तोंडाकडे बघत बसे. साहेब अंगठा लावत. पुरुष आला की डावा, बाई आली की उजवा. पावती निघे. कालिंदीबाई यादीवर खूण करत. त्यांच्या चष्म्याला नवी काच होती आणि त्या दिवशी त्यांनी ती एकदाही पुसली नाही.

यशोदाबाईची पाळी आली. सोबत राधिका होती, पोत्याचं एक टोक धरून.

"आज्जे, ह्योच का यशोदाबाई?" तिने विचारलं.

"व्हय. हीच."

साहेबांनी उजवा अंगठा ठेवला. यंत्राने तत्परतेने ओळखलं. पावती बाहेर आली. यशोदाबाईने ती पदराच्या गाठीत बांधली, जिथे पाच दिवसांपूर्वी नोटीस होती. मग ती वाकली आणि साहेबांचा अंगठा जवळून पाहू लागली. मऊ, गुलाबी, एकेक रेष मोजावी असा.

"कालिंदीबाई," ती म्हणाली, "या अंगठ्याला जपा बरं. ह्याला कोन्तं काम लावू नका. ह्यो झिजला तर आमी उपाशी मरू."